दिव्याचा हिशेब

वीज आपल्याकडे घरोघरी पोचली, पण ती अजून घरातली झाली नाही, असं मला पुष्कळदा वाटतं. दुधात पाणी किती आहे हे आपल्या घरातल्या बायकांना पातेलं नुसतं हलवून कळतं. वाण्याच्या तराजूचा काटा केसभर कलला तरी तो आपल्या नजरेतून सुटत नाही. भाजीवालीशी आपण चार मिरच्यांवरून हुज्जत घालतो. पण विजेचं बिल हातात पडलं, की हीच चौकस माणसं एकदम भोळीभाबडी होतात. आकडा पाहून कपाळाला हात लावतात आणि मग घरात गुन्हेगाराचा शोध सुरू होतो. गुन्हेगार बहुधा ठरलेलाच असतो. "मोरीतला दिवा कोण जळत ठेवतं रे रोज?" असा आवाज उठतो, आणि बिचाऱ्या दिव्याला शिक्षा होते.

दिव्यावरच हा आळ का येतो, याचा मी बराच विचार केला आहे. माझ्या मते त्याचं कारण एवढंच, की तो दिसतो. दिवा चोरून जळू शकत नाही. पाणी तापवणारा हीटर मात्र बादलीत तोंड बुडवून मुकाट्यानं बसतो. इस्त्री कपड्यांवरून शालीनपणे फिरत राहते. त्यांच्याकडे पाहून कुणाच्या मनात वाईट शंका येत नाही. संसारातही असंच होतं म्हणा. जो उजेडात काम करतो त्याचा खर्च सर्वांना दिसतो.

मी तीस वर्षांहून अधिक काळ शाळेत विज्ञान शिकवलं. 'विद्युतधारा' हा धडा आला की वर्गावर एक प्रकारची अवकळा पसरत असे. व्होल्ट, अँपिअर, ओहम, वॉट ही चार नावं म्हणजे मुलांना चार अनोळखी पाहुणे वाटत. वास्तविक त्यांच्यात घाबरण्यासारखं काही नाही. शेताला पाटाचं पाणी देणाऱ्या माणसाला ती पाच मिनिटांत समजतात. पाणी किती उंचावरून येतं, म्हणजे त्याचा दाब किती, ते व्होल्ट. पाटातून दर क्षणाला किती पाणी वाहतं ते अँपिअर. पाट अरुंद असेल, गवतानं आणि दगडांनी भरला असेल, तर तो पाण्याला अडवतो. ती अडवणूक म्हणजे रोध, तो ओहममध्ये मोजायचा. आणि त्या पाण्यावर चक्की बसवली तर ती किती जोरात काम करील, ती शक्ती म्हणजे वॉट.

यातले पहिले दोन आकडे मोजून मिळाले, की उरलेले दोन घरबसल्या काढता येतात. मी मुलांना एक वाक्य पाठ करायला लावत असे: "दाबाला प्रवाहानं भागा म्हणजे वस्तूचा स्वभाव कळतो, दाबाला प्रवाहानं गुणा म्हणजे तिची भूक कळते." स्वभाव म्हणजे रोध आणि भूक म्हणजे शक्ती. एक भागाकार, एक गुणाकार. चौथीतल्या मुलाला जमावं एवढं गणित. पण या चौथीच्या गणितावर एका बाईची अब्रू अवलंबून असलेली मी पाहिली आहे.

ती गोष्ट १९७३ सालची. मी तेव्हा नुकताच शाळेत लागलो होतो आणि पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात खोली घेऊन राहत होतो. वाड्यात आम्ही सहा बिऱ्हाडं. मीटर मात्र सगळ्यांत मिळून एकच. दर महिन्याला बिल आलं की मालक ते सहांत सारखं वाटून टाकीत. पुढं मात्र बिल चढू लागलं, आणि एके दिवशी मालकांनी ओसरीवर सर्वांना बोलावून जाहीर केलं, की यापुढं निम्मं बिल तळमजल्यावरच्या काकूंनी द्यावं.

काकू विधवा होत्या. पायाच्या शिवणयंत्रावर परकर-पोलकी शिवून आपला आणि मुलाचा चरितार्थ चालवीत. मुलगा माझ्याच शाळेत, आठवीत. दिवसा घरकाम आणि गिऱ्हाइकं, त्यामुळे खरं शिवण रात्रीच व्हायचं. सात वाजता यंत्रावर लोंबणारा चाळीसचा दिवा लागे, तो एक वाजेपर्यंत. सगळा वाडा झोपलेला असताना त्या एका खोलीच्या खिडकीतून उजेडाचा चौकोन अंगणात पडे. रात्री उठणाऱ्या प्रत्येकाला तो दिसे, आणि बिल आल्यावर प्रत्येकाला तोच आठवे. वरच्या मजल्यावर बँकेत नोकरीला असलेले एक गृहस्थ राहत. ते तर म्हणाले, "सहा तास दिवा! रोज! अहो, आमच्याकडं दहाला सामसूम असते."

काकूंनी कुणाशी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या खिडकीतला चौकोन पिवळट आणि अंधूक झाला. त्यांनी कंदील लावून शिवायला सुरुवात केली होती. चार-पाच दिवसांनी त्यांचा मुलगा वर्ग सुटल्यावर माझ्याजवळ रेंगाळला. म्हणाला, "सर, आईला सुईत दोरा ओवता येत नाही हल्ली. मी ओवून देतो आणि मग झोपतो." बस्स, एवढंच बोलला.

आमच्या शाळेच्या वायरिंगचं काम पाहणारे एक मिस्त्री होते. शिक्षण चौथीपर्यंत, पण हाताला विजेची उत्तम जाण. त्यांना मी हकीकत सांगितली. ते रविवारी सकाळी आपली पिशवी घेऊन वाड्यात आले. पिशवीत टाँगटेस्टर होता. तार न तोडता तिच्याभोवती चिमट्यासारखा अडकवायचा आणि आतून जाणारा प्रवाह काट्यावर वाचायचा, असं ते यंत्र. ओसरीवर पुन्हा सगळी बिऱ्हाडं जमली. मिस्त्रींनी प्रथम तारेतला दाब मोजला. तो २३० व्होल्ट भरला. मग काकूंचा दिवा लावून त्यांनी टाँगटेस्टर अडकवला. काटा जागचा हलला नाही.

"यंत्र बिघडलंय वाटतं," वरचे गृहस्थ म्हणाले.

"यंत्र ठीक आहे, साहेब. दिव्याचं खाणंच एवढं कमी आहे, की याच्या जिभेला चव लागत नाही," मिस्त्री म्हणाले. त्यांनी दिवा बंद करून एक लांब जादा तार मध्ये जोडली, तिचे दहा वेढे चिमट्यातून घेतले, आणि दिवा पुन्हा लावला. दहा वेढे घेतले म्हणजे तोच प्रवाह दहा वेळा मोजला जातो. आता काटा १.७ वर गेला. म्हणजे खरा प्रवाह ०.१७ अँपिअर. मी काकूंच्या मुलाला पाटी आणायला सांगितली होती. त्यानं सर्वांदेखत गुणाकार केला: २३० गुणिले ०.१७, बरोबर ३९.१ वॉट. दिव्यावर ४० छापलेलं होतंच. आता सहा तासांचे झाले सुमारे २४० वॉट-तास. म्हणजे पाव युनिटालाही थोडं कमीच. एक युनिट म्हणजे हजार वॉटचं काम तासभर चालणं. सबंध महिन्याची बेरीज झाली सात युनिटं आणि वर थोडं.

"मग बाकीची वीज जाते कुठं?" मालकांनी विचारलं. प्रश्न रास्त होता.

मिस्त्री शांतपणे जिना चढून गेले. बँकेतल्या गृहस्थांनी थंडीत बंब सोडून पाण्यात बुडवायचा हीटर घेतला होता आणि त्याचं त्यांना मोठं कौतुक होतं. धूर नाही, राख नाही, लाकडं फोडायला नकोत. घरात माणसं पाच. आंघोळीचं पाणी तापवून होईपर्यंत हीटर रोज तासभर तरी चाले. तो बादलीत सोडून मिस्त्रींनी टाँगटेस्टर अडकवला. वेढ्यांची गरजच पडली नाही. काटा थेट साडेसहा अँपिअरवर. २३० गुणिले साडेसहा म्हणजे जवळजवळ दीड हजार वॉट. रोज तासभर, म्हणजे दीड युनिट, महिन्याची पंचेचाळीस.

पाटीवरची आकडेमोड काही जणांना पटली, काहींना नाही. आकड्यांपेक्षा डोळ्यांवर माणसाचा विश्वास अधिक. मग मी सर्वांना मीटरपाशी नेलं. त्या वेळच्या मीटरात ॲल्युमिनियमची एक चकती फिरत असे आणि तिच्या कडेवर काळी खूण असे. आमच्या मीटरवर लिहिलं होतं, की एका युनिटाला ६०० फेरे. वाड्यातली सगळी बटणं बंद करून नुसता काकूंचा दिवा लावला. चकती इतकी हळू फिरू लागली, की ती फिरते की नाही याबद्दलच मतभेद झाले. मनगटी घड्याळावर पाहिलं, तर काळी खूण पुन्हा समोर यायला सुमारे अडीच मिनिटं लागली. मग तो दिवा मालवून वरचा हीटर लावला. चार सेकंदांत एक फेरा! काळी खूण अशी पळत होती, की पोरं हसायला लागली. मोठी माणसं मात्र हसली नाहीत. बँकेतले गृहस्थ काही वेळ त्या चकतीकडं पाहत राहिले आणि नंतर हळूच म्हणाले, "हीटरचं बिल मी वेगळं देत जाईन." माणूस वाईट नव्हता. त्याच्यासारखंच आपणा सर्वांना उजेड दिसतो आणि ऊब दिसत नाही.

काकूंनी मला एवढंच सांगितलं, "मास्तर, माझ्या दिव्याचा हिशेब तेवढा कागदावर लिहून द्या." मी लिहून दिला. त्या रात्री खिडकीतला चौकोन पुन्हा पांढराशुभ्र पडला.

या प्रसंगानंतर वर्गात शिकवताना मला एक कोडं फार उपयोगी पडलं. मी विचारायचो, "हीटर जास्त तापतो. मग त्याचा रोध दिव्यापेक्षा जास्त असेल की कमी?" सगळा वर्ग एकमुखानं ओरडायचा, "जास्त!" मग भागाकार करायचा. दिव्याचा रोध २३० भागिले ०.१७, म्हणजे साडेतेराशे ओहमच्या आसपास. हीटरचा २३० भागिले ६.५, म्हणजे जेमतेम पस्तीस! मुलांचे चेहरे पाहण्यासारखे होत. घरातला दाब सर्वांना सारखाच मिळतो. तेव्हा जो कमी अडवतो त्याच्यातून प्रवाह अधिक जातो, आणि त्याची भूक अधिक.

एका वर्षी एका चौकस मुलानं मला पेचात धरलं. त्यानं चाळीसचा दिवा काढून प्रयोगशाळेतल्या मीटरनं त्याचा रोध मोजला, तो शंभर ओहमच्या आसपास भरला. "सर, या हिशेबानं हा दिवा पाचशे वॉटचा होतो!" त्याचं गणित बिनचूक होतं. पण त्यानं थंड दिवा मोजला होता. दिव्यातली टंगस्टनची तार पांढरीशुभ्र तापली, की तिचा रोध थंड असतानाच्या दहापटीहूनही अधिक होतो. म्हणून दिव्याचा स्वभाव जाणायचा तर तो जळत असताना, दाब आणि प्रवाह दोन्ही मोजूनच जाणला पाहिजे. जुने दिवे बहुधा बटण दाबण्याच्या क्षणालाच का जात, याचंही उत्तर यात आहे. त्या पहिल्या क्षणी तार थंड असते आणि प्रवाह तिच्यावर एकदम तुटून पडतो. माणसाचंही असंच असावं. निवांत बसलेल्या माणसाची परीक्षा करून तो कामाच्या धगीत कसा वागेल, हे सांगता येत नाही.

हा भागाकार ज्याच्या नावानं ओळखला जातो तो ओहम माझ्यासारखाच शाळामास्तर होता, याचा मला उगाच अभिमान वाटतो. जर्मनीतल्या एर्लांगेन गावी १७८९ साली एका कुलपं करणाऱ्याच्या घरी त्याचा जन्म झाला. कोलोनच्या शाळेत शिकवता शिकवता त्यानं निरनिराळ्या लांबीच्या तारा घेऊन प्रयोग केले. त्या काळच्या बॅटऱ्यांचा दाब स्थिर राहत नसे. म्हणून त्यानं बिस्मथ आणि तांबं यांचा सांधा करून एक टोक उकळत्या पाण्यात आणि दुसरं बर्फात ठेवलं, आणि त्यातून स्थिर वीज मिळवली. १८२७ साली त्याचं पुस्तक निघालं, पण त्याच्याच देशात त्याचं स्वागत थंडपणानं झालं. लंडनच्या रॉयल सोसायटीनं १८४१ साली त्याला कॉप्ली पदक दिलं. म्यूनिकच्या विद्यापीठात पदार्थविज्ञानाचं अध्यासन मिळालं तेव्हा १८५२ साल उजाडलं होतं, आणि १८५४ साली तो वारला. त्याच्याही आधी इंग्लंडमध्ये हेन्री कॅव्हेंडिश हा नियमाच्या अगदी जवळ पोचला होता. त्याच्याजवळ प्रवाह मोजायचं यंत्र नव्हतं, म्हणून तो स्वतःच्या अंगावर विजेचे झटके घेऊन त्यांचा जोर ताडून पाही! ते टिपण मॅक्सवेलनं छापून प्रसिद्ध केलं १८७९ साली, कॅव्हेंडिश जाऊन बरीच वर्षं लोटल्यावर. आपण आज सहज करतो त्या भागाकारामागं एवढा खटाटोप आहे.

दिवाळी आली की हे गणित माझ्या मनात आपोआप सुरू होतं. नरकचतुर्दशीच्या पहाटे गावातले सगळे हीटर एकदम लागतात. गल्लीच्या तारेलाही स्वतःचा थोडा रोध असतो. प्रवाह वाढला की दाबाचा काही भाग तारेतच खर्च होतो. तारेच्या शेवटच्या टोकाला राहणाऱ्याच्या घरी २३० ऐवजी १८० व्होल्टच येतात. घट तशी एक पंचमांशाची, पण दाब कमी झाला की प्रवाहही कमी होतो, आणि शक्ती तर त्या दोघांचा गुणाकार. त्यामुळं दीड हजाराचा हीटर नऊशे वॉटच्या आसपासच काम करतो. जी बादली सतरा-अठरा मिनिटांत तापायची तिला अठ्ठावीस लागतात. तोवर उटणं अंगावर वाळून जातं, आणि घरातली मंडळी हीटरच्या दुकानदाराला शिव्या देतात. तारेत वीज वाया जाऊ नये म्हणूनच लांबच्या वाटेनं ती प्रचंड दाबानं पाठवतात. दाब दसपट केला, की तेवढ्याच शक्तीला प्रवाह एक दशांश पुरतो आणि तारेत वाया जाणारी उष्णता शंभराव्या हिश्श्यावर येते. खोपोलीच्या वीजघरातून १९१५ साली मुंबईला वीज आली तीही याच युक्तीनं.

पण याच गणिताची एक बाजू भीतिदायक आहे, आणि ती सणाच्या दिवसांत सांगितलीच पाहिजे. सैल बसलेल्या प्लगच्या सांध्यात अर्धा ओहम रोध निर्माण झाला असं समजा. त्यातून हीटरचे साडेसहा अँपिअर गेले, की तिथं सुमारे एकवीस वॉट उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या सोल्डरिंग आयर्नची धग जवळपास एवढीच असते. आणि ही धग नखाएवढ्या जागेत, प्लास्टिकच्या आत, कुणाला न दिसता जळत राहते. दुसरी गोष्ट आपल्या शरीराची. कोरड्या कातडीचा रोध हजारो ओहम असतो, पण ओल्या अंगाचा हजारापर्यंत, कधी त्याहूनही खाली उतरतो. २३० भागिले हजार म्हणजे ०.२३ अँपिअर. काकूंच्या दिव्यातून जाणाऱ्या प्रवाहाहून थोडासा जास्त, पण माणसाचं हृदय बंद पाडायला तो पुरेसा आहे. गळती शोधून वीज तोडणारं जे उपकरण हल्ली घरात बसवतात ते ०.०३ अँपिअरलाच तुटतं, ते उगाच नाही. तेव्हा पाणी तापलं का हे पाहायला बोट बुडवण्याआधी बटण बंद करून प्लग काढा. हा भागाकार स्वतःच्या अंगावर करून पाहू नका. कॅव्हेंडिश वाचला, तो त्याचं दैव म्हणून.

आता दिवस बदलले आहेत. चाळीसच्या दिव्याचं काम चार-पाच वॉटचा एलईडी करतो. चकतीची मीटरं जाऊन आकडे दाखवणारी आली. प्रवाह मोजायचा चिमटा साध्या दुकानात मिळतो. एक सावधगिरी मात्र सांगतो. हा साधा गुणाकार दिवा, इस्त्री, शेगडी आणि हीटर यांना तंतोतंत लागू पडतो. पंखा, फ्रिज, पंप अशा मोटारीच्या वस्तूंचा प्रवाह दाबाच्या थोडा मागं रेंगाळतो, म्हणून त्यांची खरी भूक गुणाकारापेक्षा कमी निघते.

दिवस बदलले, पण संशय बदललेला नाही. खोल्या भाड्यानं देणारे अजून रात्री जागणाऱ्या विद्यार्थ्याच्या दिव्याकडं बोट दाखवतात. सासवा-सुनांचे खटके अजून मोरीतल्या दिव्यावरून उडतात. अशा वेळी मला वाटतं, रागाचा शब्द तोंडातून जाण्याआधी घरातल्या कुठल्याही वस्तूची पाठ उलटून पाहावी. तिथं व्होल्ट आणि वॉट, निदान व्होल्ट आणि अँपिअर लिहिलेले असतात. एक गुणाकार करावा, आणि ती वस्तू किती तास चालते तेवढ्या तासांनी पुन्हा गुणावं. दोन मिनिटांचं काम. त्यातून बिल लगेच कमी होईलच असं नाही, पण कुणावर नसता आळ यायचा टळेल. सणासुदीच्या दिवसांत घरातली शांतता टिकवायला एवढं गणित करायला काय हरकत आहे?